ब्रेकमधली हवा

आई गेल्यावर आमच्या घरातलं बोलणं हळूहळू बंद पडलं. भांडण झालं, कुणी अबोला धरला, असलं काही नाही. पहिल्यांदा "जेवलीस का" गेलं, मग "कुठे निघालात" गेलं, आणि मग उरलंच काय? बाबा टॅक्सीच्या किल्ल्या दोनदा वाजवायचे, म्हणजे मी निघालो. मी पातेल्यावर पळी आपटायची, म्हणजे जेवण झालंय. न्हाणीची कडी सरकली की गरम पाण्याचा हंडा उतरवायचा. रेडिओवर बातम्या संपून बटण कट्‌ झालं की दिवा घालवायचा. मुलुंड पूर्वेला पहिल्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या. मागच्या खिडकीतून मिठागरांचा खारट वारा यायचा, खालून किरीटभाईंच्या मसाल्याच्या दुकानातला हिंगाचा वास यायचा, दुपारी कारखान्याचा भोंगा व्हायचा. आवाजांची काही कमी नव्हती. माणसांचेच तेवढे येत नव्हते.

आज मागे वळून बघते तर वाटतं, वेडेच होतो आम्ही दोघं. पण तेव्हा ते वेडेपण आहे हे सांगायला तिसरं कुणी घरात नव्हतं. बाबा पूर्वी गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी एक जुनी टॅक्सी घेतली, आणि मग तिचं इंजिन, क्लच, ब्रेक सगळं स्वतःच्या हातानं करू लागले. गॅरेजवाल्याला गाडी दाखवणं त्यांना परक्याला पोरगं न्हाऊ घालायला दिल्यासारखं वाटायचं. आई असताना रविवारी दुपारी इमारतीमागच्या मोकळ्या जागेत हा उद्योग चालायचा, आणि ब्रेकचं काम निघालं की आईला खाली जावंच लागायचं. ब्रेकच्या नळीत हवा शिरली की पेडल मऊ पडतं, पाय दाबला की सरळ तळाला जातो आणि गाडी काही थांबत नाही. ती हवा काढायला दोन माणसं लागतात. एकानं आत बसून पेडल मारायचं आणि मग दाबून धरायचं. दुसऱ्यानं गाडीखाली झोपून चाकामागचा छोटा नट सैल करायचा. तेलाबरोबर बुडबुडे बाहेर येतात. नट पुन्हा आवळून होईपर्यंत वरच्यानं पाय उचलायचा नाही, उचलला तर गेलेली हवा परत आत. एवढंच. पण हे एवढंच एकट्या माणसाला जमत नाही.

आई चप्पल काढून अनवाणी बसायची. मांडीवर भिजवलेल्या वालांचं ताट. बाबा खालून ओरडायचे, "मार!" की ती वाल सोलत सोलत पेडल मारायची. "धर!" म्हटलं की मोठ्यांदा सांगायची, "धरलंय हो, धरलंय!" त्या "हो"मध्ये इतका ठसका असायचा की किरीटभाई दुकानातून हसायचे. मग "सोड!" आणि तिचं "सोडलं!" चारही चाकं होईपर्यंत हा तमाशा. तोवर तिचे वाल सोलून व्हायचे, आणि संध्याकाळी त्याचं बिरडं, वर ओलं खोबरं. अजूनही कुणाकडे वालाचं बिरडं खाल्लं की मला त्याला ब्रेक ऑइलचा वास येतो. माझ्या सुनेला हे सांगितलं तर तिनं बिरडं करणंच सोडलं, म्हणजे झालं!

आईच्या वर्षश्राद्धाला गावाहून थोरली मावशी आली. आईची मोठी बहीण. कुडाळच्या पलीकडे तिचं घर, पोफळीची बाग, लग्नानंतर दोन-तीन पावसाळ्यांतच नवरा वारलेला, मूलबाळ नाही. बाबा तिच्याच वाडीतले, म्हणून ती त्यांना नावानं हाक मारायची आणि अरेतुरे करायची. मला ती फारशी आवडत नसे. तिच्या हाताला काथ्यासारखा खरखरीतपणा होता आणि जिभेलाही. आल्या दिवशी तिनं आमची फडताळं बघितली, माझे फाटके परकर बघितले, आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता जेवतो तेही बघितलं. श्राद्ध झाल्यावर ताक पिता पिता माझ्याविषयी म्हणाली, "सदा, चेडू मोठां झालां हा. तू दिवसभर गाडयेर. तेका कोण बघतलो? माझ्याकडे धाड. थंय शाळा आसा." बाबा भांड्यात बघत होते. उरलेलं ताक संपवून म्हणाले, "व्हय."

बस. माझ्या जन्माचा निकाल एका "व्हय"मध्ये. मला कुणी विचारलं नाही. आमच्या घरात विचारायची पद्धतच मोडली होती ना! मी स्वयंपाकघरात उभी राहून ते ऐकलं आणि पातेल्यावर पळी आपटली. कुणाला काही अर्थ लागला नाही, कारण तेव्हा जेवणं होऊन गेली होती. मला गाव नको होतं असं नाही. मला ही दोन खोल्यांची जागा हवी होती, कारण इथे आईची कपबशी कुठल्या खिळ्याखाली असायची ते मला माहीत होतं. आणि मला बाबा हवे होते. न बोलणारे, पण किल्ल्या वाजवणारे. मी गेल्यावर ते किल्ल्या कुणासाठी वाजवणार? रविवारी संध्याकाळच्या एसटीनं निघायचं ठरलं. ठाण्याच्या स्टँडवर बाबा टॅक्सीनं सोडणार होते.

नेमकं त्याच आठवड्यात एका चाकातून तेल गळू लागलं. बाबांनी शनिवारी चाकातल्या सिलिंडरचं रबर बदललं. रबर बदललं म्हणजे नळी उघडली, आणि नळी उघडली म्हणजे हवा शिरली. रविवारी सकाळपासून ते एकटेच झटत होते. आधी त्यांनी सीट आणि पेडल यांच्यामध्ये लाकडाची फळी ठोकून बसवली, खाली जाऊन नट उघडला. पेडल खाली गेलं की फळी निसटायची. मग फळीला दोरी बांधली. मग सीटवर पाटा ठेवला, आमचा मसाल्याचा पाटा! मी वरून खिडकीतून बघत होते. ते खाली झोपायचे, उठायचे, आत जायचे, पुन्हा झोपायचे. बनियन तेलकट झालं, कोपर सोलपटलं. दर खेपेला आत बसून पेडल दाबून बघायचे आणि त्यांच्या खांद्यावरूनच मला कळायचं की ते तळाला गेलं.

शेवटी किरीटभाईच दुकानातून बाहेर आले. "अरे सदाभाऊ, भेजा सटकला का तुमचा? पेडल दाबायला माणूस पाहिजे, पाटा काय कामाचा? छोकरीला बोलवा ना!" बाबांनी मान वर केली. मी खिडकीतच होते. त्यांनी हाक मारली नाही. हातातला पाना चाकाच्या पत्र्यावर एकदा वाजवला. मला समजलं. मी खाली गेले.

मावशी मागून म्हणाली, "लवकर आवरा हां. माका अजून हिची पिशवी भरूची आसा." म्हणजे बघा, जी गाडी मला घेऊन जाणार तिचा ब्रेक मीच दाबून द्यायचा. मी चप्पल काढली आणि आईच्या जागेवर बसले. सीट माझ्यासाठी मागे होती, मला पुढे सरकून टोकावर बसावं लागलं. गाडी उन्हानं तापली होती. समोरच्या काचेवर देवाच्या फोटोला वाळलेला हार होता, तो आईनंच घातलेला. बाबांनी खाली झोपताना बोटांनी दाखवलं. पाना एकदा वाजला की दाबून धर, दोनदा वाजला की सोड. मान डोलावून झालं. तोंडानं बोलायला काय पैसे पडत होते? पण तोंडानं बोलायचं म्हटलं की आईचे शब्द आले असते, आणि ते दोघांनाही नको होते. हे मला आत्ता लिहिताना कळतंय. त्या दिवशी मला एवढंच वाटलं की हे घरातल्यासारखंच चाललंय, बरं आहे.

तर, टक्‌. मी दाबून धरलं. पाय हळूच खाली जाऊ लागला, पार तळाला. टक्‌ टक्‌. सोडलं. पुन्हा टक्‌. पुन्हा तळाला. असं लांबच्या मागच्या चाकापासून सुरू केलं आणि कितीतरी वेळ त्याच चाकावर अडकलो. नटाखाली धरलेल्या बाटलीत तेल जात होतं, बाबा वरच्या डबीत नवं तेल ओतत होते, आणि पेडल मात्र जसं होतं तसं. ओल्या स्पंजावर पाय ठेवावा तसं. उलट आणखी मऊ पडलं. बाबा बाहेर आले, बाटली उन्हात धरून बघितली, पुन्हा आत गेले. वरून मावशी, "सदा रे, झालां काय? गाडी चुकतली मां!" माझी पोटरी भरून आली होती. आणि मग एका खेपेला मी पाय सोडला, तोच खालून असा ओरडा आला की मी स्टिअरिंगवर आपटले.

"सोडलंस कित्या?"

"तुम्ही दोनदा वाजवलंत म्हणून!"

"मी? मी खंय वाजवलंय? माझो हात नटार आसा!"

"मी ऐकलं ना! टक्‌ टक्‌!"

"कान फुटले काय तुझे?"

"तुमचंच डोकं फिरलंय!" मी ओरडले. बाबांशी असं मी जन्मात बोलले नव्हते. आणि ओरडून होतंय न होतंय तोच पुन्हा ऐकू आलं. टक्‌ टक्‌. टक्‌. टक्‌ टक्‌. भिंतीपलीकडच्या गल्लीत कुणीतरी नवी बॅट घेऊन चेंडूनं ठोकत बसलं होतं. तासभर मी त्या बॅटच्या तालावर पाय उचलत होते, नट उघडा असताना, आणि जेवढी हवा बाबा काढत होते तेवढी मी आत घेत होते.

बाबा गाडीखालून बाहेर आले. त्यांच्या भुवईवर तेलाचा ओघळ होता. ते भिंतीकडे बघत होते, मग माझ्याकडे. मला वाटलं आता एक थोबाडीत बसणार. ते एकदम हसले. हसले म्हणजे नाकातून फुस्स झालं, पण वर्षभरात तेवढंही नव्हतं झालं. किरीटभाई दुकानाच्या पायरीवर बसून पोट धरून हसत होते. "वाट लागली!" म्हणाले, "सदाभाऊ, बोला ना तोंडानं! बापलेक आहात की पोष्टाची तार?"

"आता तोंडान सांग," बाबा म्हणाले आणि पुन्हा खाली गेले.

"मार."

मी मारलं.

"धर."

मी धरलं आणि "हं" म्हणाले.

"हं म्हणजे काय? माका हंय काय दिसता? ती म्हणायची तसा म्हण."

नुसता एक शब्द हो, रोज बाजारात शंभर माणसं म्हणतात. मी स्टिअरिंग घट्ट पकडलं आणि म्हटलं, "धरलंय." आवाज फाटला आणि मला रडू कोसळलं. पाय मात्र मी हलवला नाही. नट उघडल्यावर पाय खाली जातो तो जाऊ लागला, तळाला लागला, आणि तसाच राहिला. ते "सोड" म्हणेनात. मला त्यांचे फक्त पाय दिसत होते, बाहेर आलेले, एका अंगठ्याचं नख काळं पडलेलं. तोंड दिसत नव्हतं म्हणूनच मला धीर आला असावा.

"बाबा, मला नाही जायचं मावशीकडे."

भिंतीपलीकडे बॅट वाजतच होती. मग खालून आवाज आला, गाडीच्या पत्र्याखाली असल्यामुळे दबका. "माका तरी खंय धाडूचा आसा तुका. पण तू उशीत तोंड घालून रडतंस. माका ऐकाक येता. मी उठून बसतंय. फुडे काय करूचा ता माका कळना नाय. बायकांची कामां ती. मावशी म्हणाली, माका वाटला तिका तरी कळात."

मला एवढे दिवस वाटत होतं, ते झोपलेले असतात. मला वाटत होतं, मी रडते हे ह्या घरात फक्त मला माहीत आहे. तेव्हा मला त्यांचा राग आला. खरंच आला. अरे, उठून बसता तर दोन पावलं पुढे या ना! आणि त्याच वेळी असं वाटलं की धावत खाली जावं आणि त्या तेलकट बनियनला मिठी मारावी. पण पाय पेडलवर होता आणि नट उघडा होता.

"मग काही करू नका," मी म्हटलं. "नुसतं सांगा, मी जागा आहे म्हणून. तेवढं पुरे. पण मला पाठवू नका. तुम्ही एकटे काय करणार इथे?"

पाना फिरल्याचा आवाज आला. ते नाक ओढत होते. मग म्हणाले, "सोड."

"सोडलं."

पुढे चारही चाकं आम्ही ओरडून ओरडून केली. इमारतीतले लोक खिडक्यांत आले, एवढा गोंगाट. शेवटच्या चाकाला पेडल वरच्या वर थांबलं, विटेवर पाय ठेवावा तसं घट्ट. बाबांनी आत बसून दाबून बघितलं, गाडी दोनदा पुढेमागे करून बघितली आणि मला म्हणाले, "झकास." आता माझी गाडी सर्व्हिसिंगला जाते. मला थंडगार खोलीत बसवतात, कॉफी देतात, काचेपलीकडे एक मशीन आपलं आपण ती हवा ओढून घेतं. तिथला मुलगा म्हणतो, मॅडम, दुसरा माणूस लागतच नाही आता. चांगलंच आहे की. मी कॉफी पिते.

वर गेलो तर मावशी माझी पिशवी बांधून बसली होती. बाबा मोरीत हात धुवायला गेले आणि तिकडूनच, पाठमोरे, म्हणाले, "शुभा येवची नाय. हंयच रवतली."

मावशीनं माझ्याकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं. "आणि ह्या तू आता सांगतंस? कित्या?"

बाबा साबण घासत राहिले. मला वाटलं आता सांगतील. माझी पोर आहे, मला तिच्याशिवाय करमणार नाही, असं काहीतरी. ते म्हणाले, "ब्रेकाची हवा काढूक दुसरो माणूस लागता."

"ब्रेक दाबूक तुका आख्ख्या मुलुंडात दुसरां कोण गावना नाय?" मावशी कडाडली. "त्येच्यासाठी चेडू ठेवतंस?"

"व्हय," बाबा म्हणाले.

मावशीनं पिशवीची गाठ सोडली आणि माझे कपडे एकेक करून बाहेर काढले. प्रत्येक पुन्हा नीट घडी घालून फडताळात ठेवला. मी मदत करायला गेले तर माझा हात बाजूला केला. मला सुटल्यासारखं वाटत होतं, इतकं की मला नाचावंसं वाटत होतं, आणि तिची ती हळूहळू घड्या घालण्याची तऱ्हा मला मुद्दामची वाटली. मनात म्हटलं, बरी जिरली. घरकामाला फुकटची पोर हवी होती हिला.

ठाण्याला जाताना मी पुढे बाबांशेजारी बसले. सिग्नलला त्यांनी ब्रेक दाबला की गाडी जागच्या जागी उभी राहायची आणि ते माझ्याकडे तिरकं बघायचे. मागून मावशी सूचना करत होती. डोक्याक तेल घाल. बापाशीक रोज सुकट देव नको, त्येका खाज येता. रात्री कडी लाव. स्टँडवर गर्दी होती. बाबा तिचं बोचकं वर टाकायला गेले आणि मी खिडकीखाली उभी राहिले. मावशी आत जाऊन बसली, पण खिडकीला नाही, तिच्या शेजारच्या जागेवर. खिडकीची जागा मोकळीच. कंडक्टर आला, तिकिटं बघून म्हणाला, "दोन सीट आहेत तुमच्या, मावशी. दुसरं कोण?"

"कोण नाय," ती म्हणाली. "रवांदे तशीच."

मी खालून ओरडले, "मावशी, मग खिडकीत बस ना! वारा लागेल."

ती वाकून माझ्याकडे बघू लागली. तिचे डोळे लाल होते. दुपारभर मी ते बघितलेच नव्हते. "तुका गाडी लागता, तुझी आवस सांगायची," ती म्हणाली. "म्हणान खिडकी मागान घेतललंय. माका एकटीक खिडकी काय करूची आसा?" आणि मग, अगदी हळू आवाजात, "तुझ्यासाठी खोली सारवून इल्लंय गो मी."

गाडी सुरू झाली, वळली आणि फाटकाबाहेर गेली, तरी ती त्या आतल्या जागेवरून सरकली नव्हती. बाबा किल्ल्या हातात घेऊन माझ्याजवळ आले. त्यांनी त्या वाजवल्या नाहीत, विचारलं, "रडतंस कित्या? रवलंस मां तू?"

"मावशी एकटीच गेली, बाबा," मी म्हटलं.